विज्ञान अध्यापनातील दृश्यसाधने

शालेय विज्ञान शिकवताना बोलण्याच्या जोडीला वापरली जाणारी आकृती, छायाचित्र, तक्ता, प्रतिकृती, चलचित्र आणि फळ्यावरचे रेखाटन. शब्द आणि प्रतिमा मनात वेगळ्या, पण एकमेकांशी जोडलेल्या वाटांनी साठवल्या जातात, असे कॅनेडियन मानसशास्त्रज्ञ अ‍ॅलन पायव्हिओ यांनी १९७१ मध्ये मांडले. पुढे अमेरिकन शैक्षणिक मानसशास्त्रज्ञ रिचर्ड मेयर यांच्या प्रयोगांत असे आढळले, की भागांची नावे त्या-त्या भागाशेजारीच लिहिली आणि शोभेचे तपशील वगळले, तर विषय अधिक समजतो. पडद्यावरचा मजकूर जसाच्या तसा वाचून दाखवल्याने मात्र अडथळाच होतो. स्लाइडवरच्या पाठात हे सर्रास चालते.

गोव्यात पाण्याचा दाब शिकवायला खाजन शेतीतल्या (भरतीचे खारे पाणी बांध घालून अडवलेल्या सखल जमिनीवरच्या शेतीतल्या) मानशीइतके, म्हणजे बांधातून पाणी आत-बाहेर सोडणाऱ्या झडपेइतके, चांगले उदाहरण क्वचितच मिळेल. भरतीचे पाणी बाहेरून दाबते तेव्हा तिची लाकडी दारे आपोआप मिटतात. ओहोटीला नदीची पातळी उतरली, की आतले पाणी ती ढकलून बाहेर पडते. एकाच चित्रात हे मावत नाही. भरती आणि ओहोटी अशा दोन उभ्या छेदांच्या आकृत्या शेजारीशेजारी, एकाच मापात काढाव्या लागतात. बाण पाण्याच्या प्रवाहाचा की दाबाचा, हे आधी ठरवावे. दोन्हींसाठी एकच बाण वापरला, तर बंद दारातूनही पाणी वाहते असे मुले समजतात. दोन्ही बाजूंची पातळी सारखी झाल्यावरची तिसरी आकृती मुलांनीच काढावी. कोणाला काय कळले, ते तिथे लगेच दिसते.

चित्र चुकीचेही शिकवते. तिरप्या कोनातून काढल्यामुळे पृथ्वीची कक्षा लांबट दिसते आणि उन्हाळ्यात सूर्य जवळ येतो, अशी समजूत पक्की होते. प्रत्यक्षात पृथ्वी सूर्याला सर्वांत जवळ जानेवारीत असते (सुमारे १४.७ कोटी किमी) आणि सर्वांत दूर जुलैत (सुमारे १५.२ कोटी किमी). ऋतू होतात ते अक्षाच्या कलामुळे. म्हणून अशा आकृतीखाली ‘प्रमाणात नाही’ एवढे छापून भागत नाही; काय खोटे दाखवले आहे, ते तोंडी सांगावे लागते.

गोव्यातल्या चोडण बेटावरच्या खारफुटीची श्वसनमुळे (हवा घेण्यासाठी चिखलातून वर आलेली मुळे) दाखवताना आधी साधे रेखाचित्र, मग छायाचित्र, असा क्रम सोयीचा ठरतो. नुसत्या छायाचित्रात चिखल, मुळे आणि सावल्या एकमेकांत मिसळून जातात. मराठी प्राथमिक शाळेतून पाचवीला इंग्रजी माध्यमात आलेल्या मुलांसाठी आकृती तीच ठेवून फक्त नावे बदलणे पुरते. लाल-हिरव्यातला फरक न दिसणारी मुले वर्गात असू शकतात, त्यामुळे आकृतीतले भाग केवळ लाल-हिरव्या रंगांनी वेगळे दाखवू नयेत.