क्षयरोग नमुन्यांची प्रयोगशाळा सुरक्षा

क्षयाच्या (टीबी) संशयित रुग्णाची थुंकी, पू किंवा गाठीतला नमुना तपासताना प्रयोगशाळेतल्या माणसांना लागण होऊ नये म्हणून घ्यायची काळजी. क्षयाचा जंतू प्रामुख्याने श्वासावाटे शरीरात शिरतो. १ ते ५ मायक्रॉनचे तुषारकण हवेत तासन्‌तास तरंगतात. त्यामुळे डबीत बंद असलेली थुंकी फारशी भीतिदायक नाही. ती हलवणे, ओतणे, सेंट्रिफ्यूजमध्ये (नळ्या गरगर फिरवणारे यंत्र) फिरवणे ही कामे धोक्याची. जागतिक आरोग्य संघटनेची २०१२ची मार्गदर्शिकाही धोक्याचे तीन स्तर पाडते ते कामावरून.

सूक्ष्मदर्शक तपासणी सर्वांत खालच्या स्तरावर येते. हवा खेळती असेल तर ती साध्या टेबलावर चालते. खराट्याच्या काडीचे टोक मोडून थुंकीतला पिवळसर, दाट भाग उचलायचा, काचपट्टीवर पसरायचा आणि काडी ५ टक्के फिनॉलच्या (जंतुनाशक द्रावण) डब्यात टाकायची. नमुना उचलायचा तारेचा लूप ओला असताना ज्योतीत धरला की तडतडून तुषार उडतात; त्या मानाने ही फुकटातली काडी बरी. जंतू वाढवण्याची (कल्चर) तपासणी मात्र वेगळी. तिथे एका नळीत जिवंत जंतूंचा प्रचंड साठा असतो. त्यासाठी हेपा फिल्टरचे (हवेतले सूक्ष्म कण अडवणारी गाळणी) सुरक्षा कपाट, ऋण दाबाची खोली (आतला दाब कमी, म्हणून आतली हवा दारातून बाहेर येत नाही), बारीक कण गाळणारा एन-९५ मास्क आणि ऑटोक्लेव्ह (दाबाखालच्या वाफेने जंतू मारणारे यंत्र) लागतात. साधा सर्जिकल मास्क इथे कामाचा नाही.

नागपुरात मेडिकल आणि मेयो ही मोठी शासकीय रुग्णालये आहेत, शिवाय क्षयरोगाची संदर्भ प्रयोगशाळाही. इथली खरी परीक्षा नवतप्यात, म्हणजे मे अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत होते. पारा ४५ अंशांवर गेला की कूलर हवाच. पण तो बाहेरची हवा आत ढकलतो आणि खोलीचा ऋण दाब मोडतो. पंख्याच्या झोताने सुरक्षा कपाटासमोरचा, जंतू आत अडवणारा हवेचा पडदाही फाटतो. साधा स्प्लिट एसी तीच हवा फिरवत राहतो, म्हणून हवा बाहेर टाकण्याची वेगळी सोय लागते. घामाने भिजलेला एन-९५ बदलावाच लागतो. दुरून येणारे नमुनेही उन्हात नासतात. ते तिहेरी वेष्टनात, बर्फाच्या पेटीतून पाठवतात.

कल्चरची नळी कपाटाबाहेर फुटली तर पुसत बसायचे नाही. सगळ्यांनी बाहेर पडायचे, दार ओढून घ्यायचे आणि किमान एक तास कोणालाही आत सोडायचे नाही. मग एन-९५ मास्क लावून, सांडलेल्यावर कापड टाकून त्यावर फिनॉल ओतायचे.