तंत्रस्नेही गुरुजी आले कुठून?

‘तंत्रस्नेही शिक्षक’ हा शब्द आज आसपासच्या शाळांच्या केंद्रात भरणाऱ्या शिक्षण परिषदेत कुणीही सहज वापरतं. दहा-बारा वर्षांपूर्वी तो फारसा कानावर पडत नसे. वेबवरच्या साधनांना शिक्षक नाकं मुरडतात, हे मात्र तेव्हाही बोललं जायचं आणि आजही बोललं जातं. जिल्हा परिषदेच्या शाळेत इतकी वर्षं शिकवल्यावर मला हा आरोप अन्यायाचा वाटतो. गुरुजींचं मन या साधनांकडे कधी ओढलं गेलं आणि कधी उडालं, याची कारणं मागच्या चाळीस वर्षांत सापडतात.

पुण्यात २७ जानेवारी १९८४ रोजी बालचित्रवाणी ही शालेय कार्यक्रम बनवणारी संस्था सुरू झाली. दूरदर्शनवर मराठीतून शालेय कार्यक्रम दिसू लागले आणि खेड्यातल्या मुलांनी पुस्तकापलीकडचं बरंच काही पहिल्यांदा पाहिलं. ते काम मोलाचं होतं. पण शिक्षकाच्या वाट्याला संच लावणं आणि मुलांना गप्प बसवणं एवढंच उरायचं. मध्येच मुलाने हात वर केला तरी कार्यक्रम थांबत नसे. २० सप्टेंबर २००४ रोजी शिक्षणासाठीचा ‘एज्युसॅट’ उपग्रह अवकाशात गेला, तरी बहुतेक शाळांत पडद्याकडून मुलांकडे असा एकाच दिशेचा कारभार राहिला. २०१७ मध्ये बालचित्रवाणीला कुलूप लागलं. त्याची हळहळ अजून वाटते.

मग संगणक आले. आमच्या शाळेत त्याला स्वतंत्र खोली मिळाली, वर प्लॅस्टिकचं आच्छादन, चपला बाहेर, किल्ली मुख्याध्यापकांकडे. वीजबिल थकलं आणि जोडणी तोडली गेली, की ती खोली महिनोन्महिने तशीच राहायची. त्याच सुमारास एमएस-सीआयटी ही संगणकाची परीक्षा सरकारी कर्मचाऱ्यांसाठी सक्तीची झाली. ३१ डिसेंबर २००७ ही मुदत ज्यांच्याकडून चुकली, त्यांच्या वेतनवाढी अडकल्या, पुढे वसुल्याही निघाल्या. पन्नाशीच्या किती शिक्षकांची संगणकाशी पहिली ओळख अशी पगारातल्या कपातीच्या धाकाने झाली! त्या अभ्यासक्रमात फाइल बनवायला शिकवलं जाई. अपूर्णांक शिकवताना संगणकाचं काय करायचं, हा विषयच त्यात नव्हता.

खरा बदल स्वस्त स्मार्टफोनने केला. फोन शिक्षकाचा स्वतःचा होता, त्याची किल्ली कुणाकडे मागावी लागत नव्हती. २२ जून २०१५ च्या शासन निर्णयाने ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रम आला. साताऱ्याच्या कुमठे बीटमधल्या (शाळांच्या गटातल्या) शाळांचं ज्ञानरचनावादी, म्हणजे मुलांनी स्वतः करून शिकण्याचं, काम बघायला जिल्ह्याजिल्ह्यांतून शिक्षक जात होते. शहापूर तालुक्यातल्या पष्टेपाड्याच्या शाळेत मुलांच्या हाती टॅबलेट आले होते. गावोगावी लोकवर्गणी जमली, प्रोजेक्टर आले, आणि शिक्षकच शिक्षकांना शिकवू लागले. व्हॉट्सॲपच्या गटांत रात्री अकरा वाजता कुणीतरी गुगल फॉर्मवर चाचणी कशी बनवायची हे सांगत असे आणि पन्नास जण ती करून बघत.

ती पहिली चाचणी मला आठवते. पाचवीचा वर्ग, एकच फोन, मुलं एकेक करून पुढे येऊन उत्तर दाबत होती. प्रश्न साधा होता: १/३ मोठा की १/४? निकालाचा गोल आलेख उघडला आणि त्यात १/४ चीच फाक मोठी. तीनपेक्षा चार मोठे, म्हणून १/४ मोठा, असं वर्गातली बहुतेक मुलं धरून चालली होती आणि मी पुढच्या धड्यावर गेलो होतो. दुसऱ्या दिवशी भाकरी आणली, तिचे तुकडे केले. वह्या तपासून हे कळलंच असतं, पण आठवड्याने. त्या दिवशी तासाभरात कळलं.

याच काळात माढा तालुक्यातल्या परितेवाडीचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकाला क्यूआर कोड जोडले. २०१७ मध्ये राज्याने ती कल्पना आपल्या पुस्तकांसाठी उचलली, त्याच वर्षी ५ सप्टेंबरला केंद्र सरकारचं ‘दीक्षा’ हे ऑनलाइन शैक्षणिक साहित्याचं व्यासपीठ आलं. ३ डिसेंबर २०२० रोजी डिसले गुरुजींना दहा लाख डॉलरचा ग्लोबल टीचर पुरस्कार मिळाला आणि त्यांनी निम्मी रक्कम अंतिम फेरीतल्या बाकीच्या नऊ शिक्षकांना वाटली. आमच्या दृष्टीने पुरस्काराइतकीच मोठी गोष्ट ही, की वर्गात जन्मलेली युक्ती वर मंत्रालयापर्यंत गेली. एरवी सगळं वरून खाली येतं.

तरी नाराजी वाढलीच. ज्या २०१५ ने ‘तंत्रस्नेही’ शब्द रुळवला, त्याच साली ‘सरल’ प्रणालीही आली. विद्यार्थ्यांची, शिक्षकांची, शाळेची माहिती ऑनलाइन भरायची. दिवसा सर्व्हर चालत नसे, म्हणून दोनशिक्षकी शाळेतला शिक्षक पहाटे उठून माहिती भरायचा, फोन आणि डेटा स्वतःचाच. २०१७ मध्ये संघटनांनी ऑनलाइन कामांवर बहिष्काराची हाक दिली, तेव्हा ‘शिक्षकांना तंत्रज्ञान नको’ असा अर्थ काढला गेला. बहिष्कार घालणाऱ्यांत रात्री जागून चाचण्या बनवणारेही होते, हे कुणी पाहिलं नाही.

मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या. ‘शाळा बंद, पण शिक्षण आहे’ ही अभ्यासमाला रोज फोनवर येई आणि आम्ही ती पुढे पाठवत असू. ज्यांनी कधी गुगल मीट पाहिलं नव्हतं, ते निवृत्तीला आलेले शिक्षकही दोन आठवड्यांत त्यावर तास घेऊ लागले. पण घरातला एकुलता एक फोन बापासोबत शेतात किंवा कामावर जायचा, तो संध्याकाळी परतायचा. मग आम्ही पाराखाली, समाजमंदिरात चार-चार मुलं बसवून शिकवलं. त्या दीड-दोन वर्षांत साधनाची ताकद आणि त्याची मर्यादा, दोन्ही शिक्षकाने जवळून पाहिल्या.

डिसेंबर २०२३ पासून मुलांची हजेरीही ॲपवर नोंदवायची आहे. परवा परिपाठ संपल्यावर मी ती भरत उभा होतो, रेंज येत नव्हती. चौथीतली एक मुलगी जवळ आली आणि म्हणाली, “गुरुजी, आज फोनवरचे प्रश्न घेणार ना?”