अँबियंट आणि लोकगीत : संयुक्त अल्बमामागचा इतिहास

एखादी लोकगायिका आणि एखादा इलेक्ट्रॉनिक संगीतकार मिळून आपला पहिला अल्बम काढतात, तेव्हा त्याला सर्रास ‘जुन्या-नव्याचा संगम’ म्हटले जाते. हे वर्णन मला अपुरे वाटते, कारण लोकगीताची आणि यंत्राची गाठ शंभराहून अधिक वर्षांपूर्वीच पडलेली आहे. बेला बार्टोक आणि झोल्टान कोडाय या हंगेरियन संगीतकारांनी विसाव्या शतकाच्या पहिल्याच दशकात हंगेरीच्या खेड्यापाड्यांत फोनोग्राफ नेला आणि शेतकऱ्यांची गाणी मेणाच्या नळकांड्यांवर उतरवून घेतली. गाणे टिकले, मात्र त्याच क्षणी गळा आणि आवाज यांची फारकतही झाली. पुढे १९४८ मध्ये पॅरिसमध्ये फ्रेंच संगीतकार पिएर शेफर यांनी आगगाड्यांच्या मुद्रित आवाजांतूनच रचना उभी केली आणि मुद्रित ध्वनी हा संगीताचा कच्चा माल ठरला.

अँबियंटला, म्हणजे ठेक्यापेक्षा वातावरणावर भर देणाऱ्या संथ संगीताला, नाव आणि रूप दिले ते इंग्रज संगीतकार ब्रायन ईनो यांनी, १९७८ च्या ‘म्युझिक फॉर एअरपोर्ट्‌स’ या अल्बममधून. त्यातील एका रचनेत तीन स्त्रियांनी आणि स्वतः ईनो यांनी गायलेले सुटे, लांबवलेले स्वर आहेत. प्रत्येक स्वर ध्वनिफितीच्या वेगवेगळ्या लांबीच्या वेटोळ्यावर ठेवलेला होता. एक स्वर साडेतेवीस सेकंदांनी परत येई, आणि त्याची फीत इतकी लांब होती की ती स्टुडिओतल्या अ‍ॅल्युमिनियमच्या खुर्च्यांच्या पायांभोवतून फिरवावी लागली. या संगीतात ठेका जवळजवळ नाही; आहे तो विस्तार आणि संथ आधारस्वर. बॅगपाइप किंवा हर्डी-गर्डी (चाक फिरवून वाजवायचे तंतुवाद्य) यांच्या साथीने गाणाऱ्यांना असा अखंड स्वर परका नाही. मुक्त लयीतल्या लोकगीतात ओळीची लांबी गाणाऱ्याचा श्वास ठरवतो, आणि अँबियंटमध्ये त्या श्वासाला मोजपट्टी लावावी लागत नाही. या दोन प्रकारांचे जुळते, त्याचे खरे कारण माझ्या मते हेच आहे.

मात्र सॅम्पलर, म्हणजे मुद्रित आवाजाचा तुकडा उचलून नव्या रचनेत वाजवणारे यंत्र, हाताशी आल्यावर घडले ते वेगळेच. प्रशांत महासागरातल्या सॉलोमन बेटांपैकी मलाइता बेटावर अफुनाक्वा नावाच्या स्त्रीने गायलेली ‘रोरोग्वेला’ ही अंगाई वांशिक-संगीततज्ज्ञ ह्यूगो झेम्प यांनी ध्वनिमुद्रित केली होती आणि १९७३ मध्ये युनेस्कोच्या ध्वनिमुद्रिका मालिकेत ती प्रसिद्ध झाली. आईबाप गेलेल्या, रडणाऱ्या धाकट्या भावाची समजूत काढणारे असे ते गाणे आहे. डीप फॉरेस्ट या फ्रेंच जोडीने १९९२ च्या आपल्या पहिल्याच अल्बममध्ये हा आवाज सिंथेसायझर आणि नृत्याच्या ठेक्यावर बसवला, आणि ‘स्वीट ललबाय’ जगभर गाजले. पोरक्या मुलाचे दुःख ऐकणाऱ्यांपर्यंत पोहोचले ते निसर्गरम्य गोडव्याच्या रूपात. अफुनाक्वाचे नाव श्रेयनामावलीत नव्हते. गोंधळ तेवढ्यावर थांबला नाही : नॉर्वेचे सॅक्सोफोनवादक यान गारबारेक यांनी १९९६ मध्ये हीच चाल ‘पिग्मी ललबाय’ या नावाने सादर केली (पिग्मी हे मध्य आफ्रिकेतले वनवासी समाज), म्हणजे प्रशांत महासागरातले गाणे आफ्रिकेचे ठरले. पुढे झेम्प आणि स्टीव्हन फेल्ड या अभ्यासकांनी या प्रकरणावर सविस्तर लिहिले. संग्रहातला आवाज कोणाचा, हा प्रश्न त्यानंतर टाळता येण्यासारखा उरला नाही.

स्कॉटिश संगीतकार मार्टिन बेनेट यांचा ‘ग्रिट’ हा अल्बम (२००३) त्या दृष्टीने मोलाचा आहे. स्कॉटलंडमधल्या भटक्या समाजातील गायक-गायिकांची जुनी मुद्रणे त्यांनी इलेक्ट्रॉनिक रचनांत गुंफली, पण ही परंपरा त्यांची स्वतःची होती. ते स्वतः बॅगपाइपवादक होते आणि त्यांच्या आई लोकसाहित्याच्या अभ्यासक. गाणारे कोण आहेत हे त्यांना ठाऊक होते आणि ते त्यांनी ऐकणाऱ्यांनाही सांगितले.

संयुक्त अल्बममध्ये यापुढची पायरी येते. गायिका स्टुडिओत समोर बसलेली असते. कडवे कुठे तोडायचे, कोणता शब्द प्रतिध्वनीत बुडू द्यायचा नाही, हे ती सांगू शकते, आणि मुखपृष्ठावर तिचे नाव संगीतकाराच्या नावाशेजारी, त्याच आकाराच्या अक्षरांत छापले जाते.