कोव्हाल्स्की: लोहार की लोहारवाडीकर?

आपल्याकडे कुणाचंही नाव घ्यायचं नसलं की ‘अमका’ म्हणतात. पोलंडमध्ये त्या जागी ‘यान कोव्हाल्स्की’ येतो. अर्ज कसा भरायचा याचा नमुना दाखवायचा असो की सामान्य करदात्याचं उदाहरण द्यायचं असो, नाव यानचंच. गंमत म्हणजे हे तिथलं सर्वांत जास्त आढळणारं आडनाव नाही. तो मान ‘नोव्हाक’चा. नोव्हाक म्हणजे गावात नवा आलेला माणूस. तरी ‘कोणीही’ म्हणून लोकांच्या तोंडी बसला तो कोव्हाल्स्कीच.

‘कोव्हाल’ म्हणजे लोहार. धातू ठोकून घडवणे याला जुन्या पोलिशमध्ये ‘कोव्हाच’ म्हणत, ऐरणीला आजही ‘कोव्हाद्वो’ म्हणतात. गावात शेतकरी ढीगभर, त्यामुळे ‘यान शेतकरी’ म्हणून कोण ओळखू येणार? लोहार मात्र एखादाच, म्हणून त्याचा धंदा हीच त्याची खूण झाली. मुलाला किंवा हाताखालच्या पोऱ्याला ‘कोव्हालचिक’ म्हणत, तेही पुढे आडनाव झालं. युक्रेनचे कोव्हालेन्को, हंगेरीचे कोव्हाच आणि सर्बियाचे कोव्हाचेव्हिच हे सगळे याच भट्टीतले.

खरी गुंतागुंत शेवटच्या ‘-स्की’त आहे. मुळात हा विशेषणाचा प्रत्यय, आणि आडनावांत त्याचं काम बरंचसं आपल्या ‘-कर’सारखं. तार्नुव्ह या गावचा तो तार्नोव्स्की. जमीनजुमला असलेले सरदार, म्हणजे ‘श्लाख्ता’, पंधराव्या-सोळाव्या शतकात आपल्या गावावरून अशी नावं लावू लागले. त्या हिशेबाने कोव्हाल्स्की म्हणजे लोहार नव्हे, तर कोव्हाले नावाच्या गावचा मालक.

अशी गावं खरोखर आहेत, आणि एक-दोन नव्हेत. पिआस्त या पोलंडच्या पहिल्या राजघराण्याच्या सुरुवातीच्या शतकांत राजाच्या चाकरीसाठी एकेका धंद्याची गावं वसवलेली असत: कोव्हालेत लोहार, शेव्त्सेत चांभार, पिएकारीत भटारी, सोकोल्निकीत ससाण्यांनी शिकार करणारे, तर प्सारीत राजाचे शिकारी कुत्रे सांभाळणारे. आपल्या बलुतेदारीत गावाला एक लोहार, तिथे लोहारांचं गावच वेगळं. धंदे गेले, पण नावं नकाशावर राहिली.

मग आजचा कोव्हाल्स्की सरदाराचा वंशज समजायचा? बहुतेक वेळा नाही. ‘-स्की’ला प्रतिष्ठा आली तशी साध्या ‘कोव्हाल’लाही ती शेपटी जोडली जाऊ लागली, कधी हौसेने, तर कधी नोंदवहीत लिहिणाऱ्याच्या हातून. शेतकऱ्यांची आडनावं फार उशिरा, अठराव्या-एकोणिसाव्या शतकात पक्की झाली. पोलंडची वाटणी करून बसलेल्या सत्तांना कर आणि सैन्यभरतीसाठी प्रत्येक माणूस कागदावर हवा होता. नुसत्या आडनावावरून घराणं ठरवणं म्हणूनच व्यर्थ. त्यासाठी त्या-त्या गावच्या चर्चमधल्या जन्म-लग्नाच्या नोंदीच पाहाव्या लागतात.

नाव पक्कं झालं की धंद्याशी नातं तुटतं, हे तर आपल्याकडचे कुलकर्णीही जाणतात. संत फाउस्तिना, मूळच्या हेलेना कोव्हाल्स्का, १९०५ साली ग्वोगोव्हिएत्स गावी जन्मल्या. त्यांचे वडील शेती करून सुतारकाम करत.

लोहार म्हणींतही आहे. ‘गुन्हा लोहाराचा, फाशी जिप्सीला’ ही पोलिश म्हण म्हणजे आपल्या ‘चोर सोडून संन्याशाला सुळी’ची बहीणच.

विशेषण असल्यामुळे हे आडनाव लिंगानुसार बदलतं: नवरा कोव्हाल्स्की, बायको कोव्हाल्स्का, सगळं कुटुंब मिळून कोव्हाल्स्त्सी. नोव्हाकचं तसं नाही, बाईही नोव्हाकच. पूर्वी मात्र बायकोला ‘नोव्हाकोव्हा’ आणि लग्नाआधी लेकीला ‘नोव्हाकुव्हना’ म्हणत. पाटलाची ती पाटलीण, तसंच काहीसं. कोल्हापूरजवळच्या वळिवड्यात १९४३ ते १९४८ या काळात सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहत होते, त्यांत बहुतेक बायका आणि मुलं. तिथे ‘-स्की’पेक्षा ‘-स्का’च जास्त कानावर पडत असणार.

अमेरिकेत स्थायिक झालेल्या घरांत हा फरक बहुधा पुसला गेला. तिथे बापाचं आडनाव जसंच्या तसं लेकीला लागतं आणि ती ‘मिस कोव्हाल्स्की’ होते. पोलिश कानाला ते ‘काळा गाय’ म्हटल्यासारखं खटकतं.