पहिला पंख कापण्याआधी

घरी कॅनार्ड विमान बांधायला निघालेल्या आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

नमस्कार. फोम, फायबरग्लासचं कापड आणि इपॉक्सी यांची तुम्ही आमच्याकडे चौकशी केलीत, म्हणून हे पत्रक देत आहोत. दक्षिण कॅलिफोर्नियात आमचं छोटं दुकान आहे आणि त्याच्या मागे कार्यशाळा. याच भागातल्या मोहावीच्या विमानतळावर विमानांचे रचनाकार बर्ट रुटान यांनी सत्तरच्या दशकात दाखवून दिलं, की साचे न करता, फोम कापून त्यावर काचेचं कापड चढवून, साध्या गॅरेजमध्ये उत्तम विमान बांधता येतं. त्यांचं व्हेरी-ईझी हे कॅनार्ड विमान मे १९७५ मध्ये उडालं आणि लाँग-ईझी जून १९७९ मध्ये.

पत्रक मराठीत काढायचं कारण साधं आहे. विमान बांधायला निघालेल्या माणसाला दुसरे दोन हात लागतातच, आणि आमच्या मराठी ग्राहकांकडे ते हात पुष्कळदा पुण्याहून किंवा नाशिकहून सहा महिन्यांसाठी आलेल्या बाबांचे असतात. त्यांनाही हे नीट वाचता यावं.

पहिल्या भेटीत आम्ही संपूर्ण विमानाचं साहित्य विकत नाही. आधी सरावाचा संच न्या, दोन तुकडे करा, ते आणून दाखवा, मग पुढचं बोलू. अर्धवट सोडलेले पंख आम्ही बऱ्याच गॅरेजांत पाहिले आहेत. हे काम आपल्याला आवडत नाही, हे त्या लोकांना सगळे पैसे खर्च झाल्यावर कळलं. दोन तुकड्यांत ते आठवडाभरात कळतं.

कॅनार्ड म्हणजे काय

नेहमीच्या विमानाला मागे शेपटी असते. इथे छोटा पंख पुढे नाकाशी असतो, मोठा पंख मागे, आणि इंजिन व पंखा सर्वांत मागे. वेग फार कमी झाला की पुढचा पंख आधी स्टॉल होतो, म्हणजे त्याची उचल कमी होते. त्यामुळे नाक आपोआप थोडं खाली येतं, वेग वाढतो आणि मोठा पंख स्टॉल होण्याची वेळच येत नाही. या रचनेतली आम्हाला सर्वांत आवडणारी गोष्ट हीच.

पण हे सगळं गुरुत्वमध्य आराखड्यात सांगितलेल्या हद्दीत असेल तरच. तो फार मागे गेला तर मोठा पंखही स्टॉल होऊ शकतो, आणि त्यातून बाहेर पडणं अतिशय अवघड असतं. आता बघा, मोठा पंख मागे आणि इंजिनही मागे. म्हणजे पंखावर तुम्ही जे जादा रेझिन ओताल, ते नको त्याच जागी बसणार. लाँग-ईझी उभं करताना पुढचं चाक आत घेऊन नाक जमिनीला टेकवतात ते याचसाठी: पुढच्या सीटवर माणूस नसला की विमान मागे कलंडू शकतं. म्हणून आमच्या कार्यशाळेत सर्वांत महत्त्वाचं अवजार म्हणजे वजनकाटा.

काटा, पेला आणि कापड

आम्ही ठेवतो त्या एमजीएस २८५ या इपॉक्सी रेझिनचं प्रमाण वजनानं १०० भाग रेझिनला ४० भाग हार्डनर, म्हणजे रेझिन कडक करणारं द्रव्य, असं आहे. हे डोळ्यांच्या अंदाजानं करायचं काम नाही. ज्यांनी पूर्वी पॉलिस्टर रेझिन वापरलं आहे त्यांना सवय असते, की घाई असेल तर हार्डनर थोडं जास्त टाकायचं. इपॉक्सीत तसं चालत नाही. हार्डनरचा प्रत्येक कण रेझिनशी जोडला जातो. प्रमाण चुकलं तर उरलेला भाग तसाच अडकून राहतो आणि थर कायमचा कच्चा राहतो. पेल्यात एका वेळी थोडंच कालवा. मोठ्या पेल्यात साठवून ठेवलं तर ते आपल्याच उष्णतेनं तापतं आणि धूर सोडायला लागतं.

कापडाचे दोन प्रकार लागतात. ‘यूनी’मध्ये जवळपास सगळे धागे एकाच दिशेनं, ‘बिड’मध्ये दोन दिशांना सारखे. पंख वाकवणारा भार स्पारच्या, म्हणजे पंखाच्या आतल्या लांब आधाराच्या, पट्ट्या घेतात, तिथे यूनी धागे पंखाच्या लांबीनं लावतात. पीळ सोसायचा असेल तिथे बिड कापड ४५ अंशांत तिरकं कापून लावतात. आराखड्यात दिशेचा बाण असतो. तो चुकला तर तुकडा दिसायला तसाच दिसतो आणि कामाचा राहत नाही.

कापड भिजलं पाहिजे, पोहायला नको. वजनात साधारण दोन भाग कापड आणि एक भाग रेझिन, हे आपलं लक्ष्य. रबरी पट्टीनं रेझिन ओढून बाहेर काढत राहायचं. नीट भिजलेलं कापड जवळजवळ पारदर्शक होतं; हवा अडकली असेल तिथे पांढरा ठिपका दिसतो आणि तो तेव्हाच काढता येतो. नवशिक्यासाठी कार्बनपेक्षा काच बरी असं आम्ही म्हणतो, ते याचसाठी: काच चूक लपवत नाही.

खोली २५ अंश सेल्सिअसच्या आसपास ठेवा. आमच्या पहिल्या हिवाळ्यात आम्ही एका थंड रात्री पुढच्या पंखाचा अर्धा भाग मढवायला घेतला. रेझिन घट्ट, पसरेना, म्हणून आम्ही आणखी ओतत गेलो. सकाळी काट्यावर ठेवला आणि त्याच दिवशी टाकून दिला. फार वाईट वाटलं होतं.

थर अर्धवट वाळून चामड्यासारखा झाला की कडा धारदार पात्यानं लोण्यासारख्या कापल्या जातात. ती वेळ टळली की करवत घ्यावी लागते, आणि तिच्यासोबत येते काचेची धूळ. पुढचा थर ज्या जागी चिकटायचा असेल तिथे पील प्लाय, म्हणजे वाळल्यावर सोलून काढायचं कापड, लावून ठेवा, नाहीतर वाळलेल्या थराची चकाकी पूर्ण जाईपर्यंत घासा. चकाकी राहिलेल्या जागी केलेला जोड आम्ही जोड मानत नाही.

फोम: कुठला, कुठे

पंखासाठी निळा पॉलिस्टायरीन फोम. तो तापलेल्या तारेनं कापतात. दोन टोकांना पंखाच्या आकाराचे साचेवजा फर्मे, त्यावर आकडे लिहिलेले, आणि तारेच्या दोन बाजूंना दोन माणसं. एकानं मोठ्यानं म्हणायचं, “दहा… साडेदहा… अकरा”, आणि दुसऱ्यानं त्याच वेळी त्याच आकड्यावर असायचं. पंख टोकाकडे निमुळता असतो, म्हणून दोघांची गती वेगळी, पण आकडा एकच. बाबांना इथे उभं करा. आमचा अनुभव असा, की घाई नसलेला माणूस तार फार सुंदर ओढतो.

युरेथेन फोम मात्र चाकूनं आणि घासूनच आकारायचा. युरेथेनला तापलेली तार कधीही लावू नका. त्यातून विषारी वायू निघतो. आणि निळ्या फोमला पेट्रोल लागू देऊ नका, तो विरघळतो. इंधनाच्या टाकीच्या भागात वेगळा फोम सांगितलेला असतो तो म्हणूनच.

फोम एकटा हातानं मोडतो, कापडही एकटं लवतं. दोन्ही बाजूंनी कापड चढलं की ताण आणि दाब कापड घेतं आणि फोम त्या दोन थरांना एकमेकांपासून दूर, जागच्या जागी धरून ठेवतो. सरावाच्या संचातला दुसरा तुकडा याचसाठी आहे. वाळल्यावर तो दोन विटांवर ठेवून त्यावर उभे राहा. घरातल्या सगळ्यांना उभं राहू द्या.

हात सांभाळा

इपॉक्सीची ॲलर्जी एकदा जडली की बहुधा आयुष्यभर राहते आणि तिथेच विमान थांबतं. नायट्रिलचे हातमोजे प्रत्येक वेळी नवे घाला. कातडीवर रेझिन लागलं तर ॲसिटोननं पुसू नका, ते रेझिनला कातडीच्या आत नेतं; व्हिनेगरनं पुसा आणि साबणानं धुवा. घासताना श्वासाचा चांगला मास्क हवाच.

आराखडा बदलू नका

रुटान यांच्या कंपनीनं आराखडे विकणं १९८५ मध्ये बंद केलं. आज नव्यानं सुरू करणारे बरेच जण चार जणांचं कोझी मार्क फोर निवडतात. कुठलंही निवडा, पण मूळ रचनाकारानं नंतर काढलेल्या सगळ्या दुरुस्त्या आधी वाचा. लाँग-ईझीच्या सुरुवातीच्या पुढच्या पंखाची उचल पावसात कमी होत असे. पुढे जॉन रॉन्झ यांनी आखलेल्या नव्या आकारानं ती अडचण सुटली. हे जुन्या आराखड्याच्या मूळ पानांत सापडणार नाही.

स्वतःच्या मनानं केलेला बदल किती महाग पडतो, याचं दुःखद उदाहरण सर्वांना ठाऊक आहे. गायक जॉन डेन्व्हर १२ ऑक्टोबर १९९७ रोजी मॉन्टेरेच्या उपसागरात लाँग-ईझी कोसळून गेले. ते विमान दुसऱ्या कुणी बांधलेलं होतं. इंधनाची टाकी बदलण्याचा खटका आराखड्यातल्या जागेऐवजी वैमानिकाच्या डाव्या खांद्यामागे बसवला होता. तो फिरवताना लक्ष विचलित होऊन विमानावरचा ताबा गेला, असं सरकारी तपासात निघालं. डेन्व्हर यांना या विमानाची ओळख पुरेशी झालेली नव्हती हेही त्यात नोंदलं आहे. कुणी आमच्याकडे येऊन “हे थोडं इकडे सरकवलं तर?” असं विचारतं, तेव्हा आम्ही हाच प्रसंग सांगतो.

रंगही आराखड्याचाच भाग समजा: वरचा पृष्ठभाग पांढरा. गडद रंग उन्हात तापतो आणि इपॉक्सी मऊ पडू शकते.

कायदा, थोडक्यात

अमेरिकेत अशा विमानाचा बहुतांश भाग हौशी बांधणाऱ्यांनी शिकण्यासाठी किंवा आनंदासाठी स्वतः बांधलेला असावा लागतो. लोक याला ५१ टक्क्यांचा नियम म्हणतात. म्हणून आम्ही शिकवू, तपासू, पण तुमचा पंख पैसे घेऊन करून देणार नाही. रोजच्या कामाची वही आणि फोटो ठेवा, तपासणीच्या वेळी तेच लागतात. त्यानंतर ठरलेल्या क्षेत्रात बहुधा २५ किंवा ४० तासांची चाचणी उड्डाणं. बांधणाऱ्याला आपल्या विमानाची वार्षिक तपासणी स्वतः करण्याचा परवानाही मिळू शकतो.

“हे आपल्याकडे बांधता येईल का?” असं बाबा विचारतातच. मुंबईत कांदिवलीच्या इमारतीच्या गच्चीवर अमोल यादव यांनी विमान बांधलं, २०१६ मध्ये ते मेक इन इंडियाच्या प्रदर्शनात लोकांनी पाहिलं आणि २०१७ मध्ये त्याची नोंदणी झाली. त्यांच्याबद्दल आम्हाला मनापासून आदर आहे. पण वर दिलेले नियम फक्त अमेरिकेचे आहेत.

पहिल्या शनिवारी येताना

जुने कपडे, पूर्ण बाह्यांचा शर्ट, बंद बूट. अंगठी आणि घड्याळ घरी ठेवा. हातमोजे, मास्क, काटा आणि पेले आम्ही देऊ. तार ओढायला सोबत एक माणूस आणा. त्याला विमानातलं काही कळायची गरज नाही, आकडे मोठ्यानं म्हणता आले म्हणजे झालं. तुकडा वाळायला रात्र लागते, त्यामुळे वजन रविवारी सकाळी करू.