सिएटलचा मॅचिंग फंड: घामाची किंमत आणि निवडीचा हक्क

वस्तीने जेवढे उभे करायचे तेवढीच भर नगर प्रशासनाने घालायची, या पद्धतीचा विषय निघाला की अमेरिकेतल्या सिएटलचा दाखला हमखास दिला जातो. १९८० च्या दशकात तिथे मोठी तक्रार होती: पैसा शहराच्या मध्यभागातल्या बांधकामांकडे वाहतो, वस्त्या मात्र कोरड्याच राहतात. १९८८ मध्ये वस्त्यांसाठी वेगळे कार्यालय झाले आणि १९८९ मध्ये दीड लाख डॉलरचा निधी सुरू झाला. २००१ पर्यंत तो वर्षाला ४५ लाखांवर गेला. ऑरोरा पुलाखालच्या कचऱ्याच्या जागी १९९० मध्ये उभा राहिलेला, मुठीत फोक्सवॅगन बीटल गाडी धरलेल्या राक्षसाचा पुतळा याच निधीच्या मदतीने घडला. उद्याने, सामुदायिक भाजीमळे, शाळांची मैदाने, भित्तिचित्रे ही नेहमीची कामे तर होतीच.

या योजनेचा कणा म्हणजे लोकवाट्याचा नियम. रोख वर्गणी, दिलेले साहित्य, व्यावसायिकांनी फुकट दिलेली सेवा आणि साधे श्रमदान, हे सगळे लोकवाट्यात धरले गेले. श्रमदानाच्या तासाला ठरावीक दर लावायचा आणि तेवढी रक्कम वस्तीच्या खात्यावर जमा समजायची. हा नियम नसता तर निधी सुखवस्तू वस्त्यांनीच नेला असता. ज्यांच्याकडे देणगीदार नव्हते, त्यांनी रविवारी फावडी हातात घेऊन आपला वाटा भरला. माझ्या मते योजनेतला सर्वांत न्याय्य निर्णय हाच.

पण गुंताही इथेच आहे. वास्तुविशारदाने आराखडा काढून दिला की त्याचा तास त्याच्या व्यवसायाच्या दराने मोजायचा. तोच माणूस रोपे लावायला आला की सर्वसाधारण दराने. हिशोब म्हणून यात खोट काढता येत नाही. तरी ज्या वस्तीत वकील, अभियंते, वास्तुविशारद राहतात तिचा लोकवाटा थोड्या तासांत भरतो. दोन-दोन नोकऱ्या करणाऱ्या भाडेकरूंच्या वस्तीला तेवढ्याच रकमेसाठी कितीतरी जास्त माणसे गोळा करावी लागतात, आणि त्यांच्याकडे मुळात वेळच कमी.

नंतरचा वाद मात्र पेटला तो निवड कोणी करायची यावर. वस्त्यांमधल्या स्वयंसेवी प्रतिनिधींच्या १३ विभागीय परिषदा शहरात होत्या; त्या अर्ज तपासून क्रम लावण्यात सहभागी असत. त्यांच्यात शहराचे पुरेसे प्रतिबिंब नाही, हे २००९ च्या लेखापरीक्षणातही आले होते. बैठकांना येणारे बहुतेक जण गोरे, वयाने मोठे आणि घरमालक. शहरातली निम्म्याहून अधिक कुटुंबे तर भाड्याच्या घरात. जुलै २०१६ मध्ये महापौरांनी या परिषदांशी असलेले अधिकृत नाते तोडले. वर्षानुवर्षे विनामोबदला राबलेल्या लोकांना तो अपमान वाटला. जुन्या वस्ती-आराखड्यांवरून आणि वाढत्या बांधकामांवरून त्यांचे प्रशासनाशी आधीच खटके उडत होते, त्यामुळे विरोध करणाऱ्यांची तोंडे बंद करण्यासाठीच हे केले, असाही आरोप झाला.

प्रतिनिधित्वाची तक्रार खरीच होती. ती नाकारणाऱ्यांशी मी सहमत नाही. मात्र परिषदा दूर केल्याने ज्यांना सायंकाळी बैठकीला येता येत नव्हते त्यांच्या हाताशी जास्तीचे तास आले नाहीत. त्यांना लोकवाटा तर श्रमाच्या तासांतूनच भरायचा होता.