एका 'इंग'मागचे दोन प्रत्यय

'स्विमिंग इज गुड एक्सरसाइज' आणि 'शी इज स्विमिंग'. दोन्हीकडे शब्द एकच, पण पहिल्या वाक्यात तो 'पोहणं' आहे आणि दुसऱ्यात 'पोहत'. मराठीला इथे दोन वेगळे प्रत्यय लागतात. इंग्रजी एकावर भागवते. शाळेत पहिल्याला जेरंड आणि दुसऱ्याला प्रेझेंट पार्टिसिपल म्हणायला शिकवतात, व्याख्या पाठ करून घेतात. दोघं इतके सारखे का दिसतात, हे मात्र सहसा कुणी सांगत नाही, आणि खरी गंमत तिथेच आहे.

हजार वर्षांपूर्वीच्या जुन्या इंग्रजीत हे प्रत्यय वेगळेच होते. क्रियापदापासून नाम करायचं तर '-उंग' किंवा '-इंग' लागे: 'लेओर्नुंग' म्हणजे शिकणं. 'गात असलेला' म्हणायचं तर '-एंडे': 'सिंगेंडे'. जर्मन भाषेत '-उंग' आणि '-एंड' ही जोडी आजही शाबूत आहे. इंग्रजीत मात्र शब्दांच्या शेवटचे उच्चार झिजत गेले. उत्तरेत '-अँड', मध्य भागात '-एंड', दक्षिणेत '-इंड' अशी रूपं झाली. त्यातलं दक्षिणेचं रूप '-इंग'च्या अगदी जवळचं. तिथूनच सरमिसळ सुरू झाली आणि पंधराव्या शतकाअखेर लेखी इंग्रजीत दोन्ही कामं '-इंग'कडे आली.

तरी चालू काळाचा आजचा नियम तेव्हा पक्का नव्हता. १६००च्या सुमारास लिहिलेल्या शेक्सपिअरच्या 'हॅम्लेट' नाटकात पुस्तक वाचत असलेल्या राजपुत्राला दरबारी पोलोनियस विचारतो, 'व्हॉट डू यू रीड, माय लॉर्ड?' आज तिथे 'आर यू रीडिंग' हवंच; तेव्हा साध्या वर्तमानकाळानेही काम होत असे. शिवाय 'ऑन हंटिंग', म्हणजे शिकारीवर, अशी नामाची रचनाही होती. ती घासून 'अ-हंटिंग' झाली. चालू काळ रुळवण्यात तिचाही हात असावा, असं बरेच अभ्यासक मानतात आणि मलाही ते पटतं.

सगळ्यात उशिरा आला तो चालू काळातला कर्मणी प्रयोग. अठराव्या शतकात घराचं बांधकाम चालू असेल तर 'द हाऊस इज बिल्डिंग' म्हणत. 'इज बीइंग बिल्ट' या धर्तीची वाक्यं १७७०च्या दशकापासून पत्रांमध्ये दिसू लागतात. एकोणिसाव्या शतकातल्या कित्येक व्याकरणकारांना ही रचना बोजड आणि चुकीची वाटली; जुनंच वापरा, असा त्यांचा आग्रह होता. लोकांनी तो मानला नाही.